झूल धुवायला घेतली आणि नोटीस आली

प्रश्न : आमचा गालिचे, सोफे आणि पडदे धुण्याचा व्यवसाय आहे. कामाच्या मंदीत जोडधंदा म्हणून एका घोडेस्वारी शाळेच्या पागेतल्या झुली धुवायला घेऊ लागलो. बिल महिन्याच्या शेवटी एकदम द्यायचं, असं ठरलेलं आहे. गेल्या खेपेच्या दोन झुली धुतल्यानंतर गळतात, अशी तक्रार आली. वास जात नव्हता म्हणून आमच्या माणसाने त्या गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये टाकल्या होत्या; लेबलवर ३० अंश लिहिलेलं त्याने पाहिलं नाही. आता पागेच्या वकिलाची नोटीस आली आहे : दोन नव्या झुलींची किंमत द्या, शिवाय गळक्या झुलीखाली रात्रभर भिजून एक घोडा आजारी पडला, त्याचं पशुवैद्याचं बिलही द्या. आमच्या पावतीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं आहे. उरलेल्या सहा झुली मी गेल्या हंगामाची थकबाकी मिळेपर्यंत अडवून ठेवल्या आहेत. त्यातली एक झूल आपली असून ती धुवायला द्या असं आपण कुणाला सांगितलंच नव्हतं, असं एक घोडामालक म्हणतो. भरीला आमच्या एका कामगाराच्या हातावर गजकर्ण उठलं आहे. अडवलेल्या झुली विकून पैसे वसूल करता येतील का?

उत्तर : विकू नका. बाकीच्या मुद्द्यांवर तुमची बाजू कुठे भक्कम आहे, कुठे लंगडी. पण झुली विकल्यात तर आज दिवाणी असलेला वाद फौजदारी होईल. विश्वासाने सोपवलेल्या मालाची परस्पर विल्हेवाट लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. रीतसर नोटीस देऊन तारण विकण्याचा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ ने गहाण घेणाऱ्याला दिला आहे. झूल तुमच्याकडे गहाण नव्हती, कामासाठी आली होती.

दुसऱ्याची वस्तू एखाद्या कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झालं की परत करायची, या व्यवहाराला कायदा निक्षेप म्हणतो. आम्ही वकील सर्रास ‘बेलमेंट’च म्हणतो. करार कायद्याची कलमं १४८ ते १७१ त्याचीच आहेत, आणि तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक भांडणाला त्यात एक कलम सापडतं.

अडवलेल्या सहा झुलींचं बघू. ज्या वस्तूवर मेहनत किंवा कसब लावलं, ती त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत राखून ठेवण्याचा हक्क कलम १७० देतं. पण त्याच वस्तूवरच्या, त्याच कामापुरता. जुन्या थकबाकीसाठी नवा माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये आहे आणि तो बँका, आडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयातले अ‍ॅटर्नी आणि विमा-दलाल यांच्यापुरताच आहे. धुलाईवाला त्या यादीत नाही. वेगळा करार असता तर गोष्ट वेगळी होती, पण तुमच्याकडे पावतीपलीकडे कागद दिसत नाही. म्हणजे गेल्या हंगामाच्या उधारीसाठी या झुली अडवणं टिकणार नाही.

मग याच खेपेच्या धुलाईसाठी तरी अडवता येतील का? इथे तुमची महिनाअखेरीची सवलत आडवी येते. कलम १७० खाली दोन उदाहरणं दिलेली आहेत : जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडून दिले की पैसे मिळेपर्यंत तो अडवता येतो, पण कोट शिवून होताच देण्याचं कबूल करून शिंप्याने पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली असेल तर कोट अडवता येत नाही. उधारीवर काम घेतलं की राखून ठेवण्याचा हक्क सहसा राहत नाही. उलट, परत करायची वेळ झाली तरी तुमच्या चुकीने माल परत गेला नाही, तर तेव्हापासून त्याचं जे काही नुकसान होईल ते कलम १६१ तुमच्या माथी मारतं. उद्या गोदामात उंदरांनी अस्तर कुरतडलं तर ‘आम्ही नीट सांभाळलं होतं’ हा बचावही हातात उरणार नाही. तेव्हा सहाही झुली परत करा आणि मोजून, फोटो काढून, स्थिती लिहून सहीनिशी पोच घ्या. थकबाकीसाठी स्वतंत्र मागणीपत्र पाठवा. बिल थकल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो.

त्या घोडामालकाचं म्हणणं तुम्ही पागेकडे वळवा. झूल तुम्हाला पागेने दिली. देणाऱ्याला मालकी हक्क नसला, तरी ज्याने दिली त्याला सद्भावनेने परत करणाऱ्यावर कलम १६६ प्रमाणे मालकापुढे जबाबदारी येत नाही. पागेचं लेखी पत्र घेऊन मालकाला दिलीत तरी चालेल. दोघेही हटून बसले तर ‘कोर्टाचा आदेश आणा’ एवढंच म्हणा.

आता गळक्या झुली. पावतीवरच्या छापील ओळीवर भिस्त ठेवू नका. लाँड्रीच्या पावतीवर ‘माल हरवल्यास किमतीच्या १५ टक्केच भरपाई’ असं छापलं होतं, ते मद्रास उच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून उडवून लावलं. निकाल १९६६ च्या एआयआरमध्ये (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहात) आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या गाडीच्या चोरीबाबत सांगितलं, की ‘मालकाच्या जोखमीवर’ असं तिकिटावर छापून हॉटेलला आपल्या किंवा आपल्या माणसांच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा भारही ताबा घेणाऱ्यावरच. यंत्रात काय घडलं ते फक्त तुम्हाला ठाऊक, म्हणून ते सिद्ध करण्याची पाळीही तुमचीच.

साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी कलम १५१ मागतं. आणि काम धंदा म्हणून स्वीकारल्यावर त्या कामाचं कसबही तुमच्याकडे आहे, असं धरलं जातं. गालिचा येतो म्हणून झूल येईलच असं नाही. मैदानात घालायच्या झुलीला बाहेरून पॉलिस्टर किंवा नायलॉनचं जाड कापड असतं, आतून जलरोधक लेप, मग भरण आणि अस्तर. तो लेप उष्णतेने सुटतो. लेबलवरचा आकडा न वाचता ड्रायर लावला, हे तुम्हीच लिहिलं आहे. या मुद्द्यावर मी तुम्हाला धीर देणार नाही.

पण जबाबदारी असणं म्हणजे नव्या झुलीची किंमत देणं नव्हे. आधी नुकसान नेमकं काय आहे ते तपासा. आतल्या बाजूला लेप पापुद्र्यांसारखा सुटत असेल, चुरा पडत असेल, तर ती झूल जलरोधक म्हणून गेली. नुसतं वरचं पाणी थेंब बनून ओघळण्याऐवजी कापडात जिरत असेल, तर बहुधा बाहेरचा पाणी झटकणारा थर उतरला आहे किंवा साबण राहिला आहे. तो थर वापराने आणि धुण्याने तसाही कमी होत जातो, आणि भरपूर पाण्याने खळबळून पुन्हा जलरोधक द्रावण लावलं की बऱ्याचदा काम होतं. पहिल्या प्रकारात त्या जुन्या झुलीची धुण्यापूर्वी जी किंमत असेल ती, दुसऱ्यात दुरुस्तीचा खर्च. नोटीस देणाऱ्याने दोन्ही प्रकार एकाच मागणीत कोंबले आहेत. दोघांच्या उपस्थितीत तपासणी करू, असं लेखी कळवा. पागेने झुली तोवर जपून ठेवाव्यात, हेही त्यात लिहा. टाकून दिल्या तर त्यांचाच पुरावा जाईल.

पशुवैद्याचं बिल मला फार लांबचं वाटतं. कलम ७३ प्रमाणे करारभंगातून सरळ ओघाने होणारं, किंवा करार करताना दोघांना जाणवलेलं नुकसान मिळतं. दूरचं आणि अप्रत्यक्ष मिळत नाही. झूल पाणी अडवण्यासाठीच असते हे तुम्हाला माहीत होतं, इतपत त्यांचा युक्तिवाद चालेल. पुढे मात्र त्यांना बरंच सिद्ध करावं लागेल : घोड्याला झालं काय, ते भिजल्यामुळेच झालं का, आणि भिजलेली झूल रात्रभर अंगावर का राहिली. झुलीखाली हात घालून अंग कोरडं आहे का पाहणं हे घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचं रोजचं काम आहे. टाळता येण्याजोगं नुकसान टाळायला हवं होतं, हा विचार त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. पशुवैद्याचं निदान आणि उपचारांची नोंद मागवा. ते बिल आत्ता मान्य करू नका.

गजकर्णाचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेपटीला लावलात. मी तो पुढे आणीन. घोड्यांचं गजकर्ण बुरशीमुळे होतं, माणसाला लागतं, आणि बुरशीचे बीजाणू कापडात व केसांत बराच काळ टिकतात. सोपवलेल्या वस्तूतला जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला नेहमीपेक्षा वेगळा धोका पोहोचतो, तो सांगण्याचं बंधन कलम १५० देणाऱ्यावर घालतं. पागेत लागण असल्याचं माहीत असूनही झुली न सांगता पाठवल्या असतील, तर कामगाराचा उपचार आणि यंत्रांचं निर्जंतुकीकरण यांचा खर्च तुम्ही उलट मागू शकता. त्यांना ते माहीत होतं, हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल : घोडा वेगळा बांधला होता का, औषध चालू होतं का. कामगाराला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवून निदान लेखी घ्या. त्याचा खर्च आज तुम्ही करा; त्याला या भांडणात ताटकळत ठेवू नका.

पागेने ग्राहक आयोगात जाण्याची धमकी दिली तर फार दचकू नका. व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि पैसे घेऊन घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेला हीच अडचण येईल. हौसेने घोडा पाळणारा मालक स्वतः झूल देऊन गेला असता, तर त्याला ते दार उघडं होतं. मुदत दोन वर्षांची.

पुढे हा जोडधंदा ठेवायचा असेल तर झूल आत येतानाच कागद करा. लेबलचा फोटो, अस्तराचा फोटो, फाटलेले पट्टे, गंजलेली बकलं आणि आधीपासूनची गळती यांची नोंद, खाली देणाऱ्याची सही. पागेत त्वचारोग आहे का, हा प्रश्न छापीलच ठेवा आणि उत्तर लिहून घ्या. पुन्हा जलरोधक करणं हे धुलाईहून वेगळं काम आणि वेगळा दर. ग्राहकाला नको असेल तर ‘नको’ असं लिहून घ्या. हंगाम संपल्यावर धुवायला टाकलेल्या झुली पुढचा हंगाम येईपर्यंत कोणी न्यायला येत नाही, त्यांचं सांभाळण्याचं भाडं आणि लेखी सूचनेनंतर काय करायचं, तेही आधीच ठरवा. जुन्या थकबाकीसाठी माल राखून ठेवण्याचा हक्क हवा असेल तर तशी अट करारात घालता येते, कलम १७१ तिला वाव देतं.

आता क्रम. पॉलिसी असेल तर आधी विमा कंपनीला नोटीस कळवा, कारण तिच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली तर दावा नाकारण्याची सबब मिळते. पॉलिसीत ‘ताब्यातील किंवा देखरेखीखालील मालमत्ता’ वगळली आहे का, तेही पाहा. सार्वजनिक दायित्वाच्या विम्यात ती बऱ्याचदा वगळलेली असते, आणि तसं असेल तर पुढच्या नूतनीकरणात ताब्यातल्या मालासाठी वेगळं संरक्षण मागावं लागेल. मग झुली परत करून पोच घ्या. त्यानंतर वकिलामार्फत ‘आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून’ असं उत्तर पाठवा : दोन झुलींची संयुक्त तपासणी मान्य, पशुवैद्याचं बिल अमान्य, गजकर्णाचा खुलासा द्यावा, थकबाकी अमुक दिवसांत भरावी. ते उत्तर जाईपर्यंत फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चूक झाली, बघतो’ असं काही लिहू नका, आणि ज्या माणसाने ड्रायर लावला त्यालाही हे सांगून ठेवा.