‘सूचना सुरक्षा विशेषज्ञ’ म्हणजे मराठीत कोण?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: “आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा संगणक सुरक्षेवर एक व्याख्यान आहे. वक्त्यांचा परिचय हिंदीतून आला, त्यात ‘सूचना सुरक्षा एवं महत्वपूर्ण राष्ट्रीय अवसंरचना संरक्षण विशेषज्ञ’ असं लिहिलंय. छापखान्याने ‘एवं’चं ‘व’ केलं आणि बाकी सगळं तसंच ठेवून प्रूफ पाठवलं. हे मराठीत चालेल का? नसेल तर काय छापू?”

ताई, चालणार नाही. प्रूफ अजून हातात आहे ते बरं.

पहिला शब्दच घात करतोय. हिंदीत ‘सूचना’ म्हणजे आपली ‘माहिती’. त्यांचा ‘सूचना का अधिकार’ तो आपला माहितीचा अधिकार, त्यांची ‘सूचना प्रौद्योगिकी’ ते आपलं माहिती तंत्रज्ञान. मराठीत सूचना दिली जाते, केली जाते, फलकावर लावली जाते. महापालिका विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवते, त्या अर्थाने. तेव्हा ‘सूचना सुरक्षा विशेषज्ञ’ वाचून सदाशिव पेठेतला माणूस असंच समजेल की हे गृहस्थ दारावरच्या पाट्या कोणी काढून नेऊ नये यासाठी नेमलेले आहेत. पुण्यात तशी गरज असेलही, पण तुमचे वक्ते ते नव्हेत. तिथे ‘माहिती सुरक्षा’ करा.

‘विशेषज्ञ’ मराठीत चूक नाही, पण आपल्याकडे तो बहुधा डॉक्टरांच्या पाटीवर भेटतो: हृदयरोग विशेषज्ञ, अस्थिरोग विशेषज्ञ. इतरत्र आपण ‘तज्ज्ञ’ म्हणतो. त्यात दोन ज हवेत, कारण तद् अधिक ज्ञ. ‘तज्ञ’ इतकं सर्रास छापलं जातं की छापखानेवाले उलट बरोबर लिहिलेलं ‘सुधारतात’. लक्ष ठेवा.

आता खरा गुंता, ‘महत्वपूर्ण’. (मराठीत छापायचं झालंच तर ‘महत्त्वपूर्ण’, इथेही त दोनदा.) मूळ इंग्रजी शब्द ‘क्रिटिकल’. त्याने मला स्वतःला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. मी बरीच वर्षं कारखान्यांची माहितीपुस्तकं मराठीत आणण्याचं काम केलं. भोसरीच्या एका कारखान्यात ‘क्रिटिकल स्पेअर्स’ची यादी होती. म्हणजे जे सुटे भाग संपले तर अख्खी लाइन थांबते, ते. मी तरुण होतो, शब्दकोश हाताशी होता. लिहिलं, ‘गंभीर सुटे भाग’. स्टोअरच्या कपाटावर तशी चिठ्ठी लागली. दोन दिवसांनी स्टोअरकीपर भेटले. चिठ्ठीकडे हनुवटीने खूण करून म्हणाले, “साहेब, काय झालंय यांना? आयसीयूत न्यायचे का?”

हसू येतं, पण त्यांनी बोट नेमक्या जागी ठेवलं होतं. ‘क्रिटिकल’ पेशंट गंभीर असतो, ‘क्रिटिकल’ लेख चिकित्सक असतो आणि ‘क्रिटिकल’ सुटा भाग यांपैकी काहीच नसतो. तो ठणठणीत असतो, फक्त त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं. ‘महत्त्वपूर्ण’ने हे कळत नाही. शनिवारवाडा महत्त्वाचा आहेच, पण उद्या तो महिनाभर बंद ठेवला तर तुमच्या नळाचं पाणी जाणार नाही. पंपिंग स्टेशनचा वीजपुरवठा तुटला तर मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘निम्म्या शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत’ हे येतंच. एक गेलं की त्याच्यामागे दुसरं जातं, हा त्या शब्दाचा गाभा.

पुण्याच्या जुन्या माणसांना हे व्याख्या न सांगता कळतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आणि पूर ओसरला तेव्हा त्याच शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण पाणी यायचं ते खडकवासल्याहूनच. आमच्या घरी अजूनही काळ मोजताना ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असं म्हणतात.

मग मराठी शब्द कोणता? माझ्या मते तो आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे: मर्म. सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत, आणि घाव बसला तर काय होईल यावरून त्यांचे पाच वर्ग केलेत. सद्यःप्राणहर १९, म्हणजे घाव बसताच जीव घेणारी. कालांतरप्राणहर ३३, सावकाश घेणारी. विशल्यघ्न ३, जिथे रुतलेलं शल्य काढलं की माणूस जातो. वैकल्यकर ४४, जीव जात नाही पण अवयव निकामी होतो. आणि रुजाकर ८, नुसती वेदना देणारी. आता आपला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० घ्या. २००८ च्या दुरुस्तीने त्याच्या कलम ७० मध्ये या ‘क्रिटिकल’ची व्याख्या आली. तिचा आशय असा: जी संगणकीय साधनसामग्री निकामी किंवा नष्ट झाली तर देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता खिळखिळी होईल, ती. निकामी किंवा नष्ट. वैकल्यकर आणि प्राणहर! कायदा लिहिणाऱ्यांनी सुश्रुत उघडला असेल असं मी म्हणत नाही, पण दोन्हीकडे कसोटी एकच आहे: वस्तू किती मोठी हे बघायचं नाही, ती गेल्यावर काय होतं ते बघायचं.

मर्माचंच बोलीतलं रूप वर्म. वर्मी घाव बसला, वर्मावर बोट ठेवलं, हे आपण रोज बोलतो. गंमत अशी की संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत. त्यामुळे तुमच्या वक्त्यांचा सगळा धंदा त्या दोन अक्षरांत बसतो: मराठी वर्म शोधायचं आणि त्यावर संस्कृत वर्म चढवायचं.

तरीही पत्रिकेवर ‘राष्ट्रीय मर्मसुविधा’ छापा असं मी म्हणणार नाही. अभ्यासाच्या लिखाणात मला तो शब्द आवडेल, पत्रिकेवर लोक अडखळतील. तिथे ‘कळीच्या’ बरा. कळ म्हणजे यंत्राचा खटका. ती दाबली की सगळं हलतं, अडकली की सगळं ठप्प. कळीचा मुद्दा, कळीचा प्रश्न हे कानावरचं आहे. एक शंकेखोर वाचक विचारेल, ‘कळीचा नारद’चं काय? ती कळ वेगळी, भांडणाची. ‘सुविधा’ शब्द पुढे आला की घोळ होत नाही.

‘अवसंरचना’ सोडून द्या. तो सरकारी कागदात जगतो. वर्तमानपत्रांनी ‘पायाभूत सुविधा’ रुळवलंय. वीज, पाणी, दवाखाने यांना ‘सुविधा’ म्हणणं जरा पोचट वाटतं, जणू नसल्या तरी चालतील. पण शब्द रुळला की व्युत्पत्तीने त्याच्याशी भांडू नये. एक भेद मात्र वक्त्यांना विचारून घ्या. कायद्यातली व्याख्या संगणकीय साधनसामग्रीपुरती आहे. धरण तीत येत नाही, धरणाचे दरवाजे चालवणारा संगणक येऊ शकतो. याच कायद्याच्या कलम ७०-क खाली २०१४ पासून दिल्लीत जे सरकारी केंद्र आहे, त्याचं कामही ‘माहिती’च्या पायाभूत सुविधांचं. वक्ते त्या अर्थाने बोलणार असतील तर तसा शब्द घालावा लागेल.

उरलं सुरक्षा, सुरक्षितता आणि संरक्षण. इथे मराठीचं भाग्य असं की इंग्रजीतल्या ‘सिक्युरिटी’ आणि ‘सेफ्टी’साठी आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत, आणि दुर्दैव असं की आपण ते हवे तसे फिरवतो. मी असं धरतो: कोणी मुद्दाम वाईट करायला येईल म्हणून केलेला बंदोबस्त ती सुरक्षा, अपघात, बिघाड, चूक यांनी इजा होऊ नये ती सुरक्षितता. दारावर सुरक्षा रक्षक, डोक्यावर सुरक्षिततेसाठी हेल्मेट. हा कीस नुसता शब्दांचा नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यावर हल्ला झाला. तिथे दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं तर प्लांट आपोआप बंद पाडणारी जी यंत्रणा असते, हल्लेखोरांचं घातक सॉफ्टवेअर नेमकं तिच्यात शिरलं. त्याला पुढे ‘ट्रायटन’ नाव पडलं. म्हणजे सुरक्षिततेच्या यंत्रणेची सुरक्षा भेदली गेली. दोन्हीकडे ‘सुरक्षा’च लिहिलं तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही. वर सांगितलेल्या कलम ७० च्या व्याख्येतही दोन्ही कल्पना एकाच वाक्यात आहेत. संरक्षण ही कृती, आणि देशपातळीवर तोच शब्द शोभतो. हिंदीत रक्षा मंत्रालय, आपल्याकडे संरक्षण मंत्रालय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण व्याख्यानात हमखास येईल म्हणून आणखी एक. या क्षेत्रातली माणसं तीन गोष्टी जपायच्या म्हणतात: माहिती गुप्त राहावी, कोणी तिच्यात फेरफार करू नये, आणि हवी तेव्हा मिळावी. पहिलीला गोपनीयता, तिसरीला उपलब्धता. मधलीला इंग्रजीत ‘इंटिग्रिटी’ म्हणतात आणि भाषांतरकार ‘अखंडता’, कधी तर ‘सचोटी’ लिहितात. डेटाबेसला सचोटी! आपल्याकडे ‘शाबूत’ आहे की. अक्कल शाबूत असते, हातपाय शाबूत असतात, तशी नोंद शाबूत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा तिजोरी कोणी फोडली नाही. एटीएम विचारतं, ‘पैसे देऊ का?’ आणि बँकेची यंत्रणा उत्तर देते. ते उत्तरच खोटं केलं गेलं. खोटी यंत्रणा मधे बसून ‘दे’ म्हणत राहिली आणि त्यातले बहुतेक पैसे बनावट कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधून निघत राहिले. गुपित फुटणं वेगळं आणि उत्तर शाबूत न राहणं वेगळं.

‘बॅकडोअर’ला, म्हणजे यंत्रणेत गुपचूप शिरायच्या छुप्या वाटेला, कोणी ‘मागील दार’ म्हटलं तर तेवढं थांबवा. किल्ल्यांच्या मुलखात राहून चोरदरवाजा विसरलो तर काय म्हणावं! ‘फायरवॉल’ (संगणकांच्या जाळ्यात नको ते शिरू न देणारा पहारा) मात्र फायरवॉलच राहू द्या, ‘अग्निभिंत’ ऐकून लोक वक्त्यांकडे न बघता एकमेकांकडे बघतील.

तर पत्रिकेवर असं छापा:

‘माहिती सुरक्षा आणि देशाच्या कळीच्या पायाभूत सुविधांचं संरक्षण या विषयांचे तज्ज्ञ’

पत्रिकेची बाकी भाषा ग्रांथिक असेल तर फक्त ‘सुविधांचं’चं ‘सुविधांचे’ करा. आणि छापायला जाण्यापूर्वी दुसरं प्रूफ मागवा, तज्ज्ञमधला एक ज तोवर गेलेला असेल.