उन्हाळ्यातली संक्रांत

प्रिय मनू,

काल जेवताना तू विचारलंस, "बाबा, संक्रांतीपासून दिवस मोठा होतो म्हणतोस, पण इथे तर डिसेंबरपासून लहानच होत चाललाय. मग आपण खोट्या गोष्टीचा सण करतो का?" मी विषय बदलला. 'खोट्या' हा शब्द लागला, आणि तुझं बरोबर होतं म्हणून जास्तच लागला.

ब्राझीलमधलं आपलं हे गाव, सेर्ताओझिन्यो, विषुववृत्ताच्या दक्षिणेला २१ अंशांवर आहे. २१ डिसेंबरनंतर इथला दिवस घटत जातो. खरं तर कोल्हापुरातही संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच दिवस वाढायला लागलेला असतो. संक्रांत ताऱ्यांच्या राशीवरून ठरते, आणि ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे मी सांगितलेलं कारण तिकडेही पुरतं बरोबर नव्हतं. आजीने मला सांगितलं, मी तुला सांगून टाकलं.

मला संक्रांत म्हटलं की सूर्य आठवतच नाही, गुऱ्हाळ आठवतं. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. चुलवाणात चिपाडं जळायची, काहिलीत रस उकळायचा, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर यायची. ती काढून टाकायची. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचा आणि काहील कधी उतरवायची ते तोच ठरवायचा. त्या गुळाचे आजीचे लाडू आत्या परातीत वळायची. बाहेर थंडी असायची, म्हणून ते गरम हातात बरं वाटायचं. इथे याच महिन्यात ऊस शेतात हिरवा, पाऊस खात वाढतोय. गाळप एप्रिलपासून साधारण नोव्हेंबरपर्यंत. आता कारखाने बंद, आणि त्यांचे रोलर दुरुस्तीला आपल्या गावातल्या वर्कशॉपांत येऊन पडलेत. म्हणूनच मी या दिवसांत उशिरा येतो.

तू म्हणालीस, थंडीत शेंगदाण्याचा पे जी मोलेकी खातात तेच शहाणपणाचं. पटतं. आपली चिक्कीच ती. पण फेस्ता जुनिना, इथला जूनचा सण आठव. साओ जोआओ या संताच्या नावाचा, २४ जूनचा जाळ पोर्तुगालमध्ये भर उन्हाळ्यातला. इथे आला आणि हिवाळ्यात जाऊन पडला. तरी कुणी तो विझवला नाही. हे मी तुला हरवायला सांगत नाहीये. मला स्वतःलाच त्याने थोडा धीर येतो.

तिळगूळ मात्र इथे वेगळा करावा लागतो. रापादुरा, म्हणजे इथली गुळाची ढेप, घेताना साधी घ्यायची, फक्त उसाच्या रसाची. नारळ किंवा शेंगदाणा घातलेली पाकाला चालत नाही. तीळ सालासकट हवेत. सोललेले पांढरे तडतडायच्या आधीच करपतात आणि लाडू कडू होतो. पाव किलो तीळ मंद आचेवर भाजायचे, अर्धी वाटी शेंगदाण्याचं जाडसर कूट करून ठेवायचं. रापादुरा गुळापेक्षा कडक असते, म्हणून बत्त्याने फोडून २०० ग्रॅम घ्यायची, दोन चमचे पाणी घालून विरघळवायची आणि गाळायची, कारण तळाशी कचकच राहते. मग चमचाभर तूप घालून पाक करायचा. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की त्याची गोळी झाली पाहिजे. आजी मऊ गोळीवर थांबायची. इथे जानेवारीची हवा दमट, त्या पाकाचे लाडू संध्याकाळपर्यंत ओलावा धरून एकमेकांना चिकटतात. म्हणून गोळी कडक होऊन वाटीवर टण वाजेपर्यंत थांबायचं. मात्र त्यापुढे अर्धा मिनिट गेला तरी पाक करपट लागतो. गॅस बंद करून तीळ, कूट, वेलची घालायची आणि तुपाच्या हाताने लगेच वळायचं. गार झालं की भांडं परत दोन मिनिटं आचेवर ठेवायचं, पाणी घालायचं नाही. लाडू पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, झाकण घट्ट.

आणखी एक गोष्ट परवा हिशेब मांडताना कळली. मकरवृत्त आपल्याच राज्यातून जातं, साओ पावलो शहराजवळून. आपण त्याच्या जरा उत्तरेला, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास भर दुपारी सूर्य जवळजवळ नेमका आपल्या डोक्यावर येतो. कोल्हापुरात त्या दिवशी तो दक्षिणेला कललेला असतो, तिथे डोक्यावर यायला मे उजाडतो. हे आजीला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तू विचारलं नसतंस तर मी बघितलंच नसतं.

रविवारी सकाळी रापादुरा फोडायला बसेन. यायचं असेल तर ये, झोपायचं असेल तर झोप, लाडू तुझ्या वाटणीचे राहतीलच. १४ तारखेला मात्र ऊन पडलं तर बारा वाजून वीस मिनिटांनी अंगणात काठी उभी करणार आहे. सावली किती बोटं उरते ते तू मोज.

बाबा