मुलीला इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटीत हिस्ट्री करायचंय, सिक्स्थ फॉर्ममध्ये असतानाच तयारी काय करून घेऊ?

तुमची मुलगी इयर ट्वेल्व्हला आहे, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या) पहिल्या वर्षाला, ए-लेव्हलला, म्हणजे त्या दोन वर्षांच्या शेवटच्या परीक्षेला, हिस्ट्री घेतलंय, पुढे डिग्रीही त्यातच करायची म्हणतेय आणि तुम्ही विचारताय की आत्तापासून कुठली पुस्तकं वाचायला लावू. मी इंग्लंडमध्येच हिस्ट्रीची डिग्री केली आणि आता सिक्स्थ फॉर्मच्या मुलांनाच शिकवते, त्यामुळे अनुभवाने सांगते, पुस्तकांची यादी थोडी थांबू दे, आधी तिच्या हातात एखादा जुना कागद पडू दे.

कारण असं की ए-लेव्हलला चांगले मार्क मिळवणारी मुलं फार हुशार असतात पण त्यांना प्रश्न तयार मिळतो, सोर्सचे, म्हणजे त्या काळातल्या मूळ साधनांचे, उतारे कुणीतरी आधीच निवडून कापून छापलेले असतात आणि मार्कस्कीम पाठ असते. युनिव्हर्सिटीत आठवड्याला लेक्चर आणि सेमिनार मिळून तास अगदी मोजके, बाकी सगळा वेळ तुम्ही आणि रीडिंग लिस्ट, आणि तिसऱ्या वर्षी साधारण दहा हजार शब्दांचं डिसर्टेशन, म्हणजे मोठा संशोधन-निबंध, ज्याचा प्रश्नसुद्धा आपणच शोधायचा. माझ्या पहिल्याच निबंधावर ट्यूटरने समासात तीन ठिकाणी एकच लिहिलं होतं, 'हे कोण म्हणतं?' मी हादरले होते, कारण मला वाटायचं पुस्तकात आहे म्हणजे आहे.

मी वर्गात काय करते ते सांगते, घरीही करता येईल. ओल्ड बेली ऑनलाइन नावाची फुकट साइट आहे, लंडनच्या फौजदारी कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळपास दोन लाख खटले तिथे वाचायला मिळतात. मी अठराव्या शतकातले घरातल्या चोरीचे आठ-दहा खटले प्रिंट करून देते आणि काहीच सांगत नाही, फक्त वाचा म्हणते. मुलं आधी भाषेवर अडखळतात, मग कुणाचा चांदीचा चमचा, कुणाची चादर यात रमतात, आणि मग कुणीतरी हात वर करून विचारतं की मिस, माल तर ४० शिलिंगच्या वरचा होता, मग ज्युरीने '३९ शिलिंगच्या चोरीबद्दल दोषी' असं का म्हटलंय, आणि यातही ३९ आणि त्यातही ३९? तो क्षण मला शिकवण्यातला सगळ्यात आवडतो. कायदा असा होता की राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी केली तर शिक्षा फाशी, म्हणून ज्युरी मुद्दाम किंमत कमी लावायची आणि माणूस बऱ्याचदा फाशीऐवजी सात वर्षांसाठी अमेरिकेत पाठवला जायचा. म्हणजे शपथ घेतलेली बारा माणसं भर कोर्टात खोटा आकडा सांगतायत, आणि तो खोटा आकडाच आपल्याला सांगतो की त्या काळी लोकांना कायदा किती कडक वाटत होता. यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, हे छापलं कुणी? तर ही विकायला काढलेली पत्रकं होती, निर्दोष सुटलेल्यांचे खटले बऱ्याचदा दोन ओळींत उरकलेले, म्हणजे जे छापलंच नाही त्याचाही विचार करायला हवा. इथपर्यंत मूल आलं की माझ्या मते युनिव्हर्सिटीचा अभ्यास सुरू झाला.

आणि तुमच्या घरात तर एक जास्तीची गोष्ट आहे, मराठी. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा दूत हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता, त्याने टिपून ठेवलंय की दरवाजापाशी दोन लहान हत्ती होते आणि इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे याचं नवल वाटलं. पण तो काही सोहळा बघायला आला नव्हता, राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई आणि व्यापाराचा तह हे त्याचं काम, तर त्याची नजर कशावर जाणार? दुसरीकडे कृष्णाजी अनंत सभासद याची बखर, १६९७च्या सुमारास दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यावर राजाराम महाराजांसाठी लिहिलेली, ती राज्याभिषेकाचा खर्च १ कोटी ४२ लाख होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं) सांगते. हा आकडा हिशेबाचा आहे की वैभव सांगायचा? वीसेक वर्षांनी, मुघलांशी झगडा चालू असताना, राजाला हे ऐकवणं का गरजेचं वाटलं असेल? यात कोण खरं कोण खोटं असा निकाल लावायला तिला सांगू नका, आपल्याकडे या विषयावर तेच फार होतं. दोघांनी काय बघितलं, कुणासाठी लिहिलं, एवढंच तिने एका पानावर मांडू दे.

ए-लेव्हलच्या २० टक्के मार्कांचं कोर्सवर्क असतं, त्यातही शिक्षकांनी सुचवलेला सोपा प्रश्न उचलण्यापेक्षा असा स्वतःला पडलेला प्रश्न घेता येतो का ते तिने शाळेत विचारावं, बोर्डाच्या नियमात बसायला हवा. यूकासच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या अर्जातल्या, पर्सनल स्टेटमेंटला आता सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न असतात, तिथे मला इतिहासाची आवड आहे हे सगळेच लिहितात, ३९ शिलिंगबद्दल चार ओळी लिहिणारी मुलगी वेगळी दिसते. युनिव्हर्सिटी बघायला ओपन डेला गेलात तर सेमिनारमध्ये किती मुलं असतात आणि पहिल्या वर्षी मूळ साधनं वाचायला देतात का, हे दोन नक्की विचारा.

सभासदाची मराठी तिला एकटीला झेपणार नाही बहुतेक, तुम्हीच रोज रात्री एक पान मोठ्याने वाचून दाखवा, अडेल त्या शब्दाला दोघींनी मिळून थांबा.