वाचकांचे प्रश्न : सागरी कासवे पाहायला जाताना

फेब्रुवारीपासून कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येऊ लागतात. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मार्चमध्ये वेळासला पिल्ले पाहायला जायचे आहे, पण हाताशी शनिवार-रविवारच आहे. पिल्ले नक्की दिसतील असा दिवस आधी कळू शकतो का? (एक वाचक, डोंबिवली)

नक्की दिवस कोणालाच सांगता येत नाही, आणि जो सहल-आयोजक तशी हमी देतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल आणि तळाशी फुगीर असा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून तासाभरात समुद्रात परत जाते. ती पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. पुढचे सारे वाळूच्या उबेवर अवलंबून असते. थंडीत घातलेल्या अंड्यांना जास्त दिवस लागतात, उन्हाळ्याच्या तोंडावर घातलेली लवकर उबतात. ही मुदत साधारण 45 ते 60 दिवसांची असल्यामुळे अंडी घातल्याची तारीख वहीत लिहिलेली असली, तरी पिल्लांच्या तारखेचा केवळ अंदाजच बांधता येतो.

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये ग्रामस्थांना बरोबर घेऊन संवर्धनाचे काम सुरू केले आणि 2006 पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. त्यापूर्वी किनाऱ्यावर सापडलेली अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी नेली जात असत, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. आज गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या येण्याजाण्याच्या खुणांवरून घरटे शोधतात आणि भरतीचे पाणी, कोल्हे, कुत्री यांच्यापासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, हलवतात. हे काम थोड्याच तासांत उरकावे लागते, कारण अंड्यातला गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावतो. मूळ खड्ड्याएवढाच खोल खड्डा हॅचरीत करून अंडी त्यात ठेवतात. मुदत भरत आली की त्यावर बांबूची टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

तेव्हा निघण्याआधी गावातल्या घरगुती निवासाच्या यजमानांना फोन करून मुदत भरत आलेली किती घरटी आहेत, एवढे विचारावे आणि जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी हाताशी असल्या तर आशा बरीच वाढते. सुट्टीच्या दिवशी दोरीमागे एवढी गर्दी होते की मुलांना पिल्लांऐवजी पुढच्यांच्या पाठीच पाहाव्या लागतात. टोपलीखाली काही नाही मिळाले, तर उजाडताना कासवमित्रांची परवानगी घेऊन त्यांच्यामागून किनाऱ्यावर चालावे. ऑलिव्ह रिडलेची मादी वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने टाकते, म्हणून तिच्या दोन बाजूंच्या खुणा एकमेकींसमोर न येता पुढे-मागे पडतात. हिरवे कासव दोन्ही पुढचे पाय एकदम ओढते आणि खुणांच्या जोड्या समोरासमोर उमटतात. ही वाचनाची कला एकदा साधली की रिकामी सकाळही वाया जात नाही.

प्रश्न : रात्री अंडी घालणारी मादी पाहता येईल का? मोबाइलच्या मंद उजेडात छायाचित्र घेतले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

स्वतःहून तिच्या शोधात रात्री किनाऱ्यावर जाऊ नये. वाळूवर चढत असताना उजेड किंवा हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच परत फिरते आणि पोटातले ओझे घेऊन दुसरा किनारा किंवा दुसरी रात्र शोधते. वन विभागाच्या माणसांसोबत असताना योगायोगाने ती दिसली, तर मागच्या बाजूला, लांब, खाली बसून राहावे. दिवा लावू नये, कॅमेऱ्याचा फ्लॅश तर मुळीच नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवे आहेत आणि या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते, याचा अनेकांना पत्ता नसतो.

मात्र तिच्या पुढच्या पायावर धातूची पट्टी दिसली, तर ते सोबतच्या वनरक्षकाला आवर्जून सांगावे. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये अशी पट्टी लावलेल्या एका मादीने 2025 मध्ये गुहागरला अंडी घातली. पूर्व किनाऱ्यावरची मादी भारताला वळसा घालून कोकणात येऊ शकते, हे त्या पट्टीवरच्या क्रमांकामुळेच ध्यानात आले.

प्रश्न : पिल्ले हातात घेऊन थेट पाण्यात का सोडत नाहीत? ती वाळूवर धडपडताना पाहून आमच्या शाळेतली मुले हळहळली. (एक शिक्षिका, सातारा)

मुलांची हळहळ समजण्यासारखी आहे. जेमतेम दीड इंचाचे, करड्या-काळ्या रंगाचे पिल्लू चार पावले सरकते, थबकते, मान वर करते आणि पुन्हा सरकते. माणसाच्या पावलाचा ठसाही त्याच्यासाठी खड्डा ठरतो. म्हणून सोडण्याआधी पुढची वाळू सपाट करतात आणि प्रेक्षकांना दोरीबाहेर ठेवतात. पण चालणे मात्र त्याचे त्यालाच करू द्यावे लागते. या वाटचालीत पिल्लू त्या किनाऱ्याची ओळख, बहुधा तिथल्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणेसह, मनात साठवते आणि मोठी झाल्यावर मादी त्याच परिसरात परतते, असे अभ्यासक मानतात. पोटात उरलेल्या बलकाच्या बळावर त्याला पहिले काही दिवस न थांबता खोल समुद्राकडे पोहायचे असते. म्हणूनच पाहुणे येईपर्यंत पिल्ले टबात राखून ठेवण्याचा आग्रह कोणी धरू नये. तेथे हातपाय मारण्यात त्यांची ती शिदोरी फुकट जाते. हजारातले एखादेच मोठे होते असा अंदाज असताना आपल्या सोयीसाठी त्यांचा अर्धा तासही खर्ची पडता कामा नये. किनाऱ्यावरचे प्रखर दिवेही तितकेच घातक असतात, कारण पिल्लू अंधारात उजळ क्षितिजाकडे वळते आणि दिवे असतील तर ते क्षितिज जमिनीकडे असते.

प्रश्न : ऑलिव्ह रिडलेखेरीज इतर दुर्मीळ कासवे भारतात कुठे पाहता येतील? (एक वाचक, नाशिक)

भारताच्या समुद्रात पाच जाती आढळतात. पाण्यात पोहणारे हिरवे कासव पाहायचे असेल तर लक्षद्वीप उत्तम, कारण तेथल्या उथळ लगूनमध्ये (बेटालगतच्या, प्रवाळांनी अडवलेल्या शांत पाण्यात) ती समुद्री गवतावर चरतात. चोचीसारख्या तोंडाचे हॉक्सबिल प्रवाळांच्या आसपास क्वचित भेटते. त्यांचा पाठलाग करू नये आणि वरून वाट अडवू नये. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे त्याला पाण्याबाहेर डोके काढावेच लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पोहणारे त्याला घेरतात. सर्वांत मोठे लेदरबॅक मुख्यतः अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर अंडी घालते. तिथले अनेक किनारे प्रवेशबंद आहेत आणि ते तसेच राहावेत.

प्रश्न : जखमी कासव किनाऱ्याला लागले तर काय करावे? (एक वाचक, मालवण)

ते परत पाण्यात ढकलू नये. अशक्त कासवाला पोहता येत नाही आणि ते बुडते. सावली करावी, पाठीवर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, कुत्र्यांना दूर ठेवावे आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. अंगात जाळे अडकले असेल तर सैल टोक कापण्यापलीकडे काही करू नये. मांसात रुतलेला दोर ओढल्यास रक्तस्राव वाढतो, तो पशुवैद्यकालाच काढू द्यावा.