‘मॅडम, या गोळ्यांनीच किडनी जाते ना?’

एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, हा प्रश्न सतत कानावर येतो. बहुतेकदा तो गोळ्या बंद केल्यावर विचारला जातो, हीच पंचाईत.

चाळिशीतले एक रिक्षावाले दादा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लघवीला जळजळ, मधूनच रक्त, वजन उतरलेलं. बाहेरच्या डॉक्टरांचे अँटिबायोटिकचे कोर्स झाले, फरक शून्य. त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं. "गोळ्यांनीच केलं," दादांचा निकाल लागलेला.

मी गोळ्यांची वकिली केली नाही. भीतीशी वाद घालून ती हटत नाही; माणसाला स्वतःच शोधू द्यावं, या मताची मी. भिंतीवरचं कालनिर्णय काढून पुढे ठेवलं. "गोळ्या नियमित घेत होता, तिथपर्यंत रेघ ओढा." रेघ पाडव्याला थांबली. किडनीचं कुणाकडून तरी ऐकून तेव्हापासून बाटली कपाटात. "आणि जळजळ?" पेन भाद्रपदावर टेकलं.

बराच वेळ ते पान मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गोळ्या नव्हत्या, तेव्हा हे आलं."

ते वाक्य मी म्हटलं असतं तर वाया गेलं असतं.

लघवीत भरपूर पू, पण कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू नाहीत; डॉक्टरांना टीबीचा संशय होताच. पहाटेच्या लघवीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी चाचणी, केली. किडनीचा टीबी निघाला. सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) घसरलं की दबलेला टीबी असा कुठेही डोकं वर काढतो.

गोळ्या अगदीच निर्दोष नाहीत, हेही मी सांगतेच. त्यातलं टेनोफोव्हिर हे औषध काहींच्या किडनीला त्रास देतं. म्हणून तर क्रिएटिनिन तपासतात, गरज पडल्यास औषध बदलतात. दादांचंही बदललं. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाने मात्र किडनीला धक्का न लागता रिपोर्टातला क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतो. तो बघून घाबरायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते. हे आधीच सांगून ठेवलं, म्हणून दादा बिचकले नाहीत. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचा परिणाम घटतो, म्हणून डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. घरच्यांना ते ‘डोस वाढला, म्हणजे आजार वाढला’ असं वाटतं, तेव्हा त्यांनाही समोर बसवून समजवा.

आणि अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची सवय असेल, तर किडनीची खरी काळजी तिथे करा.