साखर वाढली की स्वादुपिंड झिजते का?

प्रश्न : माझे वय ३४ असून मला मधुमेह नाही. तपासणीत उपाशीपोटी साखर ८८, तर जेवणानंतर तासाभराने १३२ आली. रोज अशी वाढ होत राहिली, तर इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतील का?

उत्तर : नाही, आणि ही भीती आपण मनातून काढून टाकावी. आपले दोन्ही आकडे निरोगी माणसाचे आहेत. जेवणानंतर साखर चढली नाही, तर इन्शुलिन केव्हा सोडायचे हे स्वादुपिंडातील बीटा पेशींना कळणारच नाही.

साखर साधारण ९० मिलिग्रॅमच्या वर जाऊ लागली की या पेशींत ग्लुकोज अधिक वेगाने जळते आणि एटीपी हे ऊर्जाद्रव्य वाढते. त्यामुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची द्वारे मिटतात, कॅल्शियम आत शिरते आणि इन्शुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या रक्तात रित्या होतात. शिरेवाटे ग्लुकोज देऊन साखर एकदम वाढवली आणि तशीच चढती ठेवली, तर हा स्राव दोन टप्प्यांत दिसतो. आवरणाला लागून तयार असलेल्या पिशव्या आधी सुटतात. ही लाट तीन ते पाच मिनिटांत शिखर गाठते आणि दहाएक मिनिटांत ओसरते. त्यानंतर साखर चढती असेपर्यंत दुसरा टप्पा सावकाश वाढत राहतो. तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजने, रक्तातील साखर तेवढीच वाढली तरी, याहून बरेच अधिक इन्शुलिन स्रवते, कारण आतड्यातील जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरके बीटा पेशींना जोर देतात.

आपल्या शंकेचे खरे उत्तर मात्र पुढे आहे. निरोगी स्वयंसेवकांची साखर शिरेवाटे ग्लुकोज देऊन एक-दोन दिवस सतत चढती ठेवली गेली, तेव्हा त्यांचा इन्शुलिनस्राव आटला नाही, उलट वाढलेलाच राहिला. (यकृत इन्शुलिनचा जवळजवळ निम्मा भाग वाटेतच काढून घेत असल्याने स्रावाचा अंदाज सी-पेप्टाइड, म्हणजे इन्शुलिनबरोबर तितक्याच प्रमाणात सुटणारा आणि यकृत फारसा काढून न घेणारा तुकडा, मोजून घेतात.) सुदृढ बीटा पेशी वाढलेल्या मागणीला अशी साथ देतात.

मधुमेहात महिनोन्महिने चढी राहणारी साखर ही निराळी गोष्ट आहे. तेथे पहिली लाट लवकरच नाहीशी होते आणि पेशींची ताकद खरोखर घटते. आपल्या आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह असल्यास उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) ही तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी. प्रत्येक जेवणानंतर साखर मोजण्याची आपल्याला गरज नाही.