आयव्हीएफमध्ये अस्तर ११ मिलिमीटर असूनही डॉक्टरांनी त्याच महिन्यात भ्रूण का सोडले नाही?

ट्रिगरच्या, म्हणजे बीजे काढण्याआधी ती पक्व करणाऱ्या इंजेक्शनच्या दिवशी गर्भाशयाचे अस्तर ११ मिलिमीटर होते, पुढे भ्रूणेही चांगली तयार झाली, मग केवळ त्या दिवशीचे रक्तातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक १.९ नॅनोग्रॅम आले म्हणून सगळी भ्रूणे गोठवणे योग्य होते का, असे तुम्ही विचारले आहे. वंध्यत्वावर उपचार करणारी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला तो निर्णय बरोबर वाटतो.

अस्तर जाड होते ते इस्ट्रोजेनमुळे, पण गर्भ रुजवून घेण्याजोगे होते ते प्रोजेस्टेरॉनमुळे, आणि हा दुसरा बदल सोनोग्राफीतल्या जाडीवरून कळत नाही. एरवीच्या पाळीत एकच फॉलिकल (बीज वाढते ती अंडाशयातली पिशवी) पूर्ण वाढते, इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅमपर्यंत चढते आणि प्रोजेस्टेरॉन बीज सुटल्यानंतरच खरे वाढते. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी दहा-पंधरा फॉलिकल एकदम वाढली की इस्ट्रॅडिऑल २,०००-३,००० च्या घरात जाते, आणि प्रत्येक फॉलिकलमधून थोडे थोडे प्रोजेस्टेरॉन येत असल्याने बीजे काढण्याआधीच त्याची पातळी कधीकधी १.५ नॅनोग्रॅमच्या पुढे जाते; बरीच केंद्रे हीच मर्यादा मानतात. मग अस्तर वेळेआधीच पक्व होऊ लागते, आणि पाच दिवसांचे भ्रूण आत सोडायच्या वेळी त्याचा रुजवून घेण्याचा जेमतेम दोन-तीन दिवसांचा काळ सरत आलेला असू शकतो.

भ्रूणांची मात्र काळजी करू नका. बीजदान करणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रोजेस्टेरॉन असेच वाढले, तरी त्यांच्या बीजांपासूनची भ्रूणे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात नेहमीसारखीच रुजलेली आढळली आहेत.

गोठवलेले भ्रूण सोडण्यासाठी पुढच्या पाळीत बहुधा इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटच्या गोळ्या, बहुतेकदा दिवसाला ६ मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस देतील. अस्तर ७ मिलिमीटरच्या पुढे आणि सोनोग्राफीत तीन रेघांचे दिसले की प्रोजेस्टेरॉन सुरू होईल आणि त्याचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर भ्रूण सोडतील. भ्रूणाचे आणि अस्तराचे वय जुळणे या तारखेवरच अवलंबून असल्याने प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस सांगितलेल्या दिवशी आणि वेळीच घ्या, आणि एखादा डोस चुकला तर लगेच कळवा.

तुमची पाळी नियमित असेल, तर गोळ्यांऐवजी नैसर्गिक पाळीत भ्रूण सोडता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. गोळ्यांच्या पद्धतीत स्वतःचे बीज सुटत नाही, आणि अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा जास्त आढळला आहे.